पिशवी 'पास' आहे, पण कशासाठी? प्लास्टिक पॅकिंगची मायग्रेशन चाचणी पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी

लोणचं, चटणी, तूप, फरसाण असं काही विकायला काढलं की पॅकिंगवाला पिशवीच्या नमुन्याबरोबर एक कागदही हातात ठेवतो. वर 'फूड ग्रेड', खाली शिक्का, मधे 'पास'. बहुतेक जण तो कागद फाइलला लावतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. कागदावरचं 'पास' हे एका ठरावीक द्रावणासाठी, ठरावीक तापमानाला आणि ठरावीक वेळेपुरतं असतं. पाण्यासाठी पास झालेली पिशवी गरम फोडणीच्या लोणच्याला चालेलच असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नसतं. मी याच कामात असल्यामुळे असे कागद रोज बघते. घरगुती उद्योगातून नुकतंच दुकानात पोचलेले लोक, बचत गट आणि अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात पहिल्यांदाच 'क्वालिटी'ची जबाबदारी अंगावर आलेली मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

काय झिरपतं आणि का

प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या सहसा जागच्या हलत नाहीत. अन्नात उतरतात ते त्यांत मिसळलेले छोटे रेणू. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेले प्लास्टिसायझर, उष्णतेनं पिवळं पडू नये म्हणून अँटिऑक्सिडंट, पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून स्लिप एजंट, उन्हापासून बचावासाठी यूव्ही स्टॅबिलायझर, रंग, आणि कारखान्यातल्या रासायनिक क्रियेत मागे उरलेले मोनोमर (साखळीचे सुटे दुवे) व उत्प्रेरक. हे सगळे साखळीला बांधलेले नसतात, नुसते मिसळलेले असतात. म्हणून ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि पलीकडे अन्न असेल तर त्यात शिरतात. यालाच मायग्रेशन म्हणतात.

त्याचा वेग चार गोष्टी ठरवतात: उष्णता, वेळ, अन्नातला तेलकटपणा आणि पॅकिंगचं क्षेत्रफळ. झिरपणारे हे रेणू बहुतेक वेळा पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात. त्यामुळे तूप, लोणचं, चिवडा, शेव या आपल्याकडच्या नेहमीच्या पदार्थांची चाचणी पाण्याच्या बाटलीच्या निकषानं करून भागत नाही. हॉटेलातून पातळ पिशवीत बांधून आणलेला उकळता रस्सा डोळ्यांसमोर आणा. उष्णता आणि तेल दोन्ही तिथे एकत्र असतात.

सगळ्याच प्लास्टिकचा धोका सारखा नसतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांना मऊ करायला प्लास्टिसायझर लागत नाही. मऊ पीव्हीसीला मात्र तो भरपूर लागतो. पीईटीच्या बाटलीत अँटिमनी सापडू शकतं, कारण पीईटी बनवताना अँटिमनी ट्रायऑक्साइड हा उत्प्रेरक सर्रास वापरतात. पॉलिस्टायरिनच्या कपात स्टायरिन, पॉलिकार्बोनेटमध्ये बिस्फेनॉल ए. हाती काय आहे ते कळल्याशिवाय काय शोधायचं ते कळत नाही, म्हणून पहिली पायरी प्रयोगशाळेत नव्हे, आपल्याच टेबलावर असते.

पायरी पहिली: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

पिशवी 'प्लास्टिकची' आहे एवढं पुरत नाही. पुरवठादाराकडून थरांची रचना लेखी मागा: बाहेरून आत कोणते थर, प्रत्येकाची जाडी मायक्रॉनमध्ये, छपाई कोणत्या थरावर आहे, थर चिकटवायला कोणता गोंद वापरला, आतला थर कोणता. उभ्या राहणाऱ्या पाउचमध्ये बहुधा बाहेर पीईटी आणि आत पॉलिथिलीन असतं, मधे शाई आणि पॉलियुरेथेनचा गोंद. हा गोंद पूर्ण पक्का व्हायला, म्हणजे क्युरिंगला, लॅमिनेशननंतर (थर चिकटवल्यानंतर) काही दिवस जावे लागतात. घाईत पाउच कापून माल भरला, तर त्यातून प्रायमरी अरोमॅटिक अमाइन या गटातली रसायनं अन्नात उतरू शकतात, आणि त्यांतली काही कर्करोगाच्या दृष्टीनं चिंतेची आहेत. तेव्हा 'लॅमिनेशन कोणत्या तारखेला झालं आणि क्युरिंगला किती दिवस दिले' हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला कन्व्हर्टर (फिल्मचे पाउच बनवणारा) त्याचं उत्तर तयार ठेवतो.

शाईबद्दलही विचारा. छपाई बाहेरच्या बाजूला आहे म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. रीळ गुंडाळलं की छापलेली बाजू आतल्या बाजूवर घट्ट बसते आणि शाईतले रेणू तिथून पुढच्या थराला लागतात. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधात आयटीएक्स हा शाईतला घटक सापडला आणि माल परत मागवावा लागला, त्यामागे हेच कारण होतं. आपल्याकडे अन्नाच्या पॅकिंगवरच्या शाईसाठी आयएस १५४९५ हे मानक आहे. त्याच्या २०२०च्या आवृत्तीत टोल्युईन हा द्रावक वर्ज्य केला आहे. आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८च्या नियमांनीच मनाई आहे.

पुरवठादाराचं सांगणं पडताळायचं असेल तर घरच्या घरी थोडं करता येतं. पिशवीचा एक तुकडा पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे काढून टाका. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीईटी, पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसी बुडतात. रंगीत डब्याच्या आतल्या बाजूवर तेलात भिजवलेला पांढरा कापूस जोरानं घासून पाहा. कापसाला रंग लागला तर तो डबा पुढे कुठेही पाठवू नका, बाजूलाच काढा. या खुणा फक्त संशय घ्यायला उपयोगाच्या आहेत. त्यांच्या भरवशावर कुणाला 'सुरक्षित' असं सांगायचं नाही. प्लास्टिक जाळून धुराचा वास घेण्याचा सल्ला ऐकू येतो, तो कृपया पाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. प्रयोगशाळेतलं एफटीआयआर यंत्र काही मिनिटांत प्लास्टिक ओळखून देतं.

काचेच्या बरणीवाल्यांनी हे विशेष वाचावं. बरणी काचेची असली तरी पत्र्याच्या झाकणाच्या आतली मऊ चकती बऱ्याचदा पीव्हीसीची असते, आणि ती मऊ ठेवायला इपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल किंवा थॅलेट वापरलेलं असतं. लोणच्याचा तेलाचा थर या चकतीला लागला, बरणी आडवी पडली, वाहतुकीत हिंदकळली, की तेल तिच्यातून प्लास्टिसायझर ओढून घेतं. काच तपासायची गरज नसेल, पण झाकण तपासायलाच हवं. तेलकट मालासाठी चालेल अशी चकती असलेलं झाकण मिळतं. ते मागूनच घ्यावं लागतं.

पायरी दुसरी: नियम काय म्हणतो

एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) पॅकेजिंगचे नियम २०१८ साली निघाले आणि १ जुलै २०१९पासून लागू झाले. त्यांतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक, प्लास्टिकमधून एकूण जे काही उतरतं त्याची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम, आणि डोळ्यांना दिसेल असा रंग अजिबात उतरता कामा नये. ही ओव्हरऑल मायग्रेशनची मर्यादा.

दोन, काही ठरावीक पदार्थांना वेगळ्या मर्यादा. किलोमागे बेरियम १ मिलिग्रॅम, कोबाल्ट ०.०५, तांबं ५, लोह ४८, लिथियम ०.६, मँगनीज ०.६, जस्त २५, अँटिमनी ०.०४ आणि डीईएचपी हा थॅलेट १.५. ही स्पेसिफिक मायग्रेशन.

तीन, अन्नाला थेट लागणाऱ्या पॅकिंगसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं अनुरूपता प्रमाणपत्र घेण्याची जबाबदारी अन्न विकणाऱ्या व्यवसायावर आहे. म्हणजे तुमच्यावर. पिशवीवाल्यानं दिलं नाही हे उत्तर चालत नाही.

प्लास्टिकच्या प्रकारानुसार वेगळी भारतीय मानकंही आहेत: पॉलिथिलीनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१०, पॉलिस्टायरिनला आयएस १०१४२, रंगांना आयएस ९८३३. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी आयएस १४६२५ आहे, आणि तिथे पॉलिकार्बोनेट चालत नाही.

पायरी तिसरी: आपल्या पदार्थाला कोणतं द्रावण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

चाचणीत खरं लोणचं किंवा तूप वापरत नाहीत. त्यात आधीच शेकडो घटक असतात, प्लास्टिकचे दोन-चार मिलिग्रॅम त्यात कसे शोधणार? म्हणून अन्नासारखं वागणारं साधं द्रावण घेतात, त्याला सिम्युलंट म्हणतात. भारतात ही चाचणी आयएस ९८४५ या पद्धतीनं होते. तिच्यात पाणीदार पदार्थांना डिस्टिल्ड वॉटर, आंबट पदार्थांना ३ टक्के ॲसेटिक ॲसिड, मद्याला १० किंवा ५० टक्के अल्कोहोल आणि तेलकट पदार्थांना एन-हेप्टेन असतं. हेप्टेन का? तेल बाष्प होऊन उडत नाही, त्यामुळे त्यात उतरलेलं वेगळं काढून वजन करणं फार किचकट होतं. हेप्टेन उडून जातं आणि उतरलेलं मागे राहतं.

आता आपले पदार्थ. पाण्याची बाटली: पाणी. कोकम आगळ, लिंबू सरबत, चिंचेची चटणी: ॲसेटिक ॲसिड. तूप, लोणी, शेव, चिवडा, चकली: हेप्टेन. कैरीचं लोणचं आंबटही आहे आणि तेलातही बुडालेलं आहे, तेव्हा ॲसेटिक ॲसिड आणि हेप्टेन दोन्ही. श्रीखंड आणि दही यांच्यासाठीही दोन्ही, कारण आंबटपणा आणि स्निग्धांश दोन्ही आहेत. मसाल्यांना लोक कोरडे समजतात. कांदा-लसूण मसाला हातात घेऊन बघा, बोटं तेलकट होतात. मी तो तेलकटच धरते आणि तुम्हीही धरावा असं माझं मत आहे.

मग तापमान आणि वेळ. आयएस ९८४५मध्ये हे वापरावर ठरतं. पाणीदार आणि आंबट द्रावणांचा हिशेब असा: साध्या तापमानाला भरून ठेवायचा माल असेल तर ४० अंशांवर १० दिवस, कोमट भरायचा असेल तर ७० अंशांवर २ तास, ७०च्या वर कढत भरायचा किंवा पाश्चराइज करायचा असेल तर १०० अंशांवर २ तास, रिटॉर्टमध्ये (दाबाखाली तापवून निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) शिजवायचा असेल तर १२१ अंशांवर २ तास. हेप्टेन फार जोरकस असल्यामुळे त्याची वेळ आणि तापमान कमी असतं. साध्या साठवणीला ३८ अंशांवर ३० मिनिटं.

प्रयोगशाळेचा अर्ज भरताना 'वापराची स्थिती' हा रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा राहिला तर प्रयोगशाळा सगळ्यात नेहमीची अट लावते, म्हणजे ४० अंश आणि १० दिवस. तुम्ही फोडणी कोमट असतानाच पाउच भरत असाल, तर आलेला अहवाल तुमच्या मालाविषयी काहीच सांगत नाही. भरताना थर्मामीटर लावा आणि खरं तापमान लिहा. विदर्भात माल पाठवत असाल तर तेही सांगा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो आणि बंद टेम्पोत त्याहून वर.

युरोपला निर्यात करणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. तिथल्या १०/२०११ या नियमात तेलकट पदार्थांना वनस्पती तेल हे सिम्युलंट आहे आणि कोरड्या पदार्थांना टेनॅक्स नावाची शोषक पूड. साध्या तापमानाला सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालाची स्पेसिफिक मायग्रेशन ६० अंशांवर १० दिवस ठेवून बघतात. तिथे 'बिस्फेनॉल ए'वर २०२४ साली बंदीचा नियम निघाला आणि जानेवारी २०२५पासून तो लागू होऊ लागला. भारतीय पद्धतीचा अहवाल तिकडच्या आयातदाराला पाठवून काम होणार नाही.

पायरी चौथी: नमुना

नमुना तयार पाउचचा पाठवा, प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांचा किंवा कोऱ्या फिल्मचा नको. फिल्म ओढताना, छापताना, चिकटवताना आणि सील करताना लागलेली उष्णता व शाई-गोंद हे सगळं तयार पाउचमध्येच असतं. रिळातून घेत असाल तर बाहेरचे काही वेढे सोडून आतून घ्या. एकाच बॅचचे, पण वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने घ्या. पाउच रिकामेच हवेत, एकदाही न भरलेले.

ते कशात गुंडाळायचे? स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातले तर त्या पिशवीचे थॅलेट तुमच्या नमुन्याला लागतील आणि तुमच्या पुरवठादारावर नसता आळ येईल. मसाल्याच्या गोदामात, फिनेलजवळ, रंगाच्या डब्याशेजारी नमुने ठेवू नका. हाताला क्रीम किंवा तेल नसावं. बॅच क्रमांक, तारीख, थरांची रचना आणि आत काय भरणार हे फॉइलवर चिठ्ठी चिकटवून लिहा. तितकेच नमुने स्वतःजवळही ठेवा.

मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, मैसूरला सीएफटीआरआय आहे, शिवाय बऱ्याच खासगी प्रयोगशाळा आहेत. कुठेही जा, पण आधी एक विचारा: 'ही चाचणी तुमच्या एनएबीएलच्या स्कोपमध्ये (मान्य चाचण्यांच्या यादीत) आहे का?' प्रयोगशाळेला मान्यता असणं आणि त्या विशिष्ट चाचणीला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएबीएलच्या संकेतस्थळावर स्कोप बघता येतो.

पायरी पाचवी: एकूण मायग्रेशन कसं मोजतात

हे एकदा स्वतः बघावं. प्रयोगशाळेनं परवानगी दिली तर जाऊन उभे राहा, अहवाल वाचायची नजर येते.

पाउचमध्ये सिम्युलंट भरतात, तोंड बंद करतात आणि ठरल्या तापमानाच्या कपाटात ठेवतात. शेजारी तेच सिम्युलंट पाउचशिवाय काचेच्या भांड्यात ठेवतात. त्याला ब्लँक म्हणतात, आणि संपूर्ण चाचणीचा भरवसा या ब्लँकवर असतो. वेळ भरली की द्रव काढून आटवतात, शेवटी स्टीलच्या एका छोट्या वाटीत पूर्ण कोरडा करतात. वाटीचं वजन आधीच घेतलेलं असतं. ती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) गार करून पुन्हा तोलतात, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. वाटी चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा तेलकट ठसासुद्धा या काट्यावर दिसतो. तळाशी उरतो तो पातळसा पांढरट कडा, कधी मेणासारखा, कधी नुसता डाग. त्या डागाचं वजन हा तुमच्या पाउचचा निकाल.

आकडेमोड सोपी आहे. समजा पाउच आतून १० बाय १५ सेंटिमीटर आहे. दोन्ही बाजू धरून ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३ चौरस डेसिमीटर. वाटीत ९.४ मिलिग्रॅम उरले, ब्लँकमध्ये १.६. फरक ७.८ मिलिग्रॅम. त्याला ३नं भागा: २.६ मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. मर्यादा १०, म्हणजे पास. पाउचमध्ये २०० ग्रॅम लोणचं मावत असेल तर किलोमागे ३९ मिलिग्रॅम, ६०च्या आत.

आता त्याच फिल्मची ५ बाय ७ सेंटिमीटरची छोटी पुडी करा, प्रवासाच्या डब्यात देतात तशी, १० ग्रॅम लोणच्याची. क्षेत्रफळ ०.७ चौरस डेसिमीटर, उतरणार १.८२ मिलिग्रॅम, पण ते जाणार फक्त १० ग्रॅममध्ये. किलोमागे १८२ मिलिग्रॅम! क्षेत्रफळाच्या मापानं तोच २.६चा आकडा, किलोच्या मापानं मर्यादेच्या तिप्पट. पुडी जितकी लहान तितकं अन्नाच्या मानानं प्लास्टिक जास्त. मोठ्या पाउचचा अहवाल छोट्या पुडीला जोडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तसं करू नका. छोट्या पुडीसाठी निकाल दोन्ही एककांत मागा आणि आत किती माल भरता ते कळवा.

या चाचणीला मर्यादाही आहे. आटवताना उडून जाणारे पदार्थ, म्हणजे स्टायरिन, टोल्युईन, ॲसिटाल्डिहाइड, हे वाटीत उरतच नाहीत. आणि वाटीतला डाग कशाचा आहे हे वजनावरून कळत नाही. किलोमागे ३९ मिलिग्रॅम निरुपद्रवी मेण असू शकतं, आणि त्याच ३९मध्ये डीईएचपीचे ३ मिलिग्रॅमही लपलेले असू शकतात. ते मर्यादेच्या दुप्पट झाले, तरी वजनाच्या चाचणीत पाउच पासच.

पायरी सहावी: नेमकं रसायन शोधणं

म्हणून दुसरी चाचणी लागते, आणि 'सगळं तपासा' असं म्हणून ती होत नाही. कोणतं रसायन शोधायचं ते थरांच्या रचनेवरून ठरवा. आत मऊ पीव्हीसी आहे किंवा झाकणाची चकती आहे: थॅलेट आणि इतर प्लास्टिसायझर. रंगीत डबा: धातू. पीईटीची बाटली: अँटिमनी. लॅमिनेट: अरोमॅटिक अमाइन आणि उरलेले द्रावक. पॉलिकार्बोनेट: बिस्फेनॉल ए. रिसायकल केलेलं प्लास्टिक असेल तर प्रश्न आणखी मोठा होतो, कारण आधी त्यात काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. मूळ नियमांत ते अन्नाला चालत नव्हतं. २०२२पासून अटींसह वाट मोकळी झाली आहे, पण 'रिसायकल केलेलं, स्वस्त पडेल' असं कुणी म्हटलं तर त्या अटी पूर्ण केल्याचे कागद आधी मागा.

धातूंसाठी आयसीपी-एमएस, थॅलेटसाठी जीसी-एमएस, बिस्फेनॉलसाठी एचपीएलसी किंवा एलसी-एमएस ही यंत्रं वापरतात. प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्यांसाठी थॅलेटचं एक सांगते. जीसी-एमएसवर बहुतेक थॅलेट १४९ या वस्तुमानाचा ठळक ठसा देतात, म्हणून नवशिक्याला तो दिसला की आनंद होतो. पण थॅलेट प्रयोगशाळेतच सगळीकडे असतात: हातमोजे, प्लास्टिकची वॉश बॉटल, नळ्या, अगदी धूळसुद्धा. फक्त काच वापरा, ती भट्टीत तापवून किंवा शुद्ध द्रावकानं विसळून घ्या, झाकायला फॉइल, आणि नमुन्याच्या प्रत्येक गटाबरोबर ब्लँक. ब्लँकमध्ये १४९चा ठसा नमुन्याइतकाच असेल तर तुम्ही पाउच नव्हे, स्वतःचीच प्रयोगशाळा मोजली आहे. डीईएचपीचं ड्युटेरियम असलेलं रूप अंतर्गत मानक म्हणून घालणं आणि माहीत असलेली मात्रा मुद्दाम मिसळून ती किती परत मिळते ते बघणं, या दोन गोष्टी वेळ नाही म्हणून गाळू नका.

पुन्हा पुन्हा वापरायचा डबा असेल, जेवणाचा वगैरे, तर त्याच डब्यावर ताजं सिम्युलंट घालून चाचणी तीनदा करतात आणि तिसरा आकडा बघतात. पहिल्यापेक्षा तिसरा वाढत गेला, तर प्लास्टिक वापरानं खराब होतं आहे.

पायरी सातवी: अहवाल वाचणं

अहवाल आला की 'पास' या शब्दाकडे शेवटी बघा. आधी हे बघा: नमुन्याचं वर्णन तुमच्याच पाउचचं आहे का, बॅच तीच आहे का, पद्धत कोणती, सिम्युलंट कोणतं, तापमान आणि वेळ काय, निकाल कोणत्या एककात आहे. मग 'नॉट डिटेक्टेड' (आढळलं नाही) किंवा 'बीएलक्यू' (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) असं जिथे असेल तिथे शेजारी मोजण्याची खालची मर्यादा दिलेली आहे का ते शोधा. डीईएचपीची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळा ५च्या खाली मोजूच शकत नसेल, तर तिच्या 'आढळलं नाही'ला अर्थ नाही. पैसे देऊन घेतलेल्या अहवालात हा आकडा नसेल तर फोन करून मागा. तो तुमचा हक्क आहे.

पुरवठादारानं दिलेला अहवाल जुना, दुसऱ्याच जाडीच्या फिल्मचा, किंवा झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर तो तुमच्या पाउचचा नाही. मी असे अहवाल पाहिले आहेत, ज्यांत सिम्युलंट फक्त पाणी होतं आणि पाउचवर छापलं होतं 'गावरान तूप'. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण तूप खाणाऱ्या माणसाला त्या कागदानं कसलंही संरक्षण दिलेलं नव्हतं.

नापास झालं तर

घाबरून लगेच पुरवठादार बदलू नका. आधी उरलेल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करून घ्या. मग कारण शोधा. हेप्टेनमध्ये एकूण मायग्रेशन जास्त आलं तर आतल्या थरातल्या पॉलिथिलीनमधलं हलकं मेण किंवा जास्त स्लिप एजंट हे कारण असू शकतं; ग्रेड बदलून प्रश्न सुटतो. अमाइन आलं तर क्युरिंगचे दिवस वाढवा. रंग उतरला तर रंगाची मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचं रंगाचं घट्ट मिश्रण) बदलायलाच हवी. बरेचदा पाउच न बदलता भरण्याचं तापमान खाली आणूनही निकाल सुधारतो. लोणचं पूर्ण गार करून भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि आपल्या आज्या तेच करत होत्या. तोवर नापास बॅचमध्ये माल भरणं थांबवा. आधीच भरून बाजारात गेला असेल, तर बॅच क्रमांकावरून कुठे गेला ते काढा आणि तो परत मागवायचा की नाही याचा निर्णय लांबवू नका.

पुन्हा कधी तपासायचं? पुरवठादार बदलला, त्याच पुरवठादारानं फिल्म, शाई किंवा गोंद बदलला, पुडीचा आकार बदलला, नवा पदार्थ त्याच पाउचमध्ये भरायला घेतला, किंवा भरण्याचं तापमान वाढलं, यांपैकी काहीही झालं की. खरेदीच्या ऑर्डरवर 'शाई, गोंद किंवा फिल्म बदलण्याआधी लेखी कळवावं' ही ओळ टाका. आणि प्रत्येक बॅचचे काही रिकामे पाउच फॉइलमध्ये गुंडाळून, तारीख घालून, त्या बॅचमधल्या मालाची एक्स्पायरी संपेपर्यंत कपाटात जपून ठेवा.